बेटांवरील सहलीचे शेवटचे तीन दिवस : नातेवाईक सोबत असताना आखणी कशी असावी?

दर्यावेळा

बेटांवर कुटुंबासह सुट्टी घालवण्याविषयीची चर्चा बहुधा कोणते बेट निवडावे आणि तेथे काय पाहावे या दोन प्रश्नांभोवतीच फिरते. माझ्या मते उष्णकटिबंधातील बेटावरची सहल जमते किंवा फसते ती शेवटच्या तीन दिवसांत, विशेषतः सोबत दोन-तीन पिढ्यांचे नातेवाईक असतील तेव्हा. म्हणून आखणीला सुरुवातही परतीच्या विमानापासून करावी आणि तेथून एकेक दिवस मागे येत जावे, असे मी सुचवेन.

याचे एक कारण भूगोलाचे आहे. मुख्य भूमीवर एक गाडी चुकली तर दुसरी मिळते, एक रस्ता बंद असला तर दुसरा असतो. लहान बेटावरून निघताना मात्र होडी, फेरी किंवा सीप्लेन यांपैकी जे ठरलेले असेल त्यावाचून गत्यंतर नसते, आणि वारा वाढला की तेही थांबते. दुसरे कारण माणसांचे आहे. पहिले काही दिवस सगळेच एकमेकांच्या कलाने घेतात, "अजून वेळ आहे" असे म्हणून स्वतःची इच्छा मागे ठेवतात, आणि अशा मागे ठेवलेल्या सगळ्या इच्छा शेवटच्या दोन दिवसांत एकदम पुढे येतात. भाच्याला समुद्रात बुडी मारायची असते, मेहुण्याला डोंगरावरचा सूर्योदय हवा असतो, आत्याला गर्दी नसलेला किनारा हवा असतो, आणि सासूबाईंना खोलीबाहेरच्या खुर्चीवर बसून पाण्याकडे पाहण्यापलीकडे काहीही नको असते. यांपैकी कोणाचेही मागणे अवास्तव नसते. ते सगळे एकाच दिवशी आणि सगळ्यांनी मिळून पार पाडण्याचा हट्ट धरला की मग घोळ होतो.

आमच्या घरात आता ठरलेला क्रम असा आहे : सर्वांत दूरचे आणि लहान बेट सहलीच्या सुरुवातीला, विमानतळ असलेले मुख्य बेट शेवटी, पाण्याखाली जाण्याचे सर्व कार्यक्रम पहिल्या अर्ध्या भागात, आणि शेवटचा पूर्ण दिवस असा, ज्यात आधी तिकीट काढावे लागेल असे काहीही नाही. हा क्रम इतरांना पटतो का, आणि वृद्ध किंवा अगदी लहान मुले सोबत असताना त्यात काय बदल करावे लागतात, हे वाचायला आवडेल.

पाणबुड्या

पाठीवर हवेची टाकी बांधून घेतलेल्या बुडीच्या (स्कूबा डायव्हिंगच्या) बाबतीत तुमचा क्रम हा आवडीनिवडीचा भाग नसून शरीरशास्त्राचा आहे, हे ठळकपणे सांगायला हवे. टाकीतील दाबाखालची हवा घेत पाण्याखाली असताना शरीरात जादा नायट्रोजन विरघळतो आणि वर आल्यानंतर तो हळूहळू बाहेर पडतो. प्रवासी विमानाच्या केबिनमधील दाब समुद्रसपाटीपेक्षा बराच कमी, म्हणजे साधारण १,८०० ते २,४०० मीटर उंचीवर असावा तितका असतो. नायट्रोजन पुरेसा बाहेर पडण्याआधी त्या दाबात गेल्यास त्याचे बुडबुडे होऊन सांधेदुखीपासून मज्जासंस्थेच्या इजेपर्यंत काहीही होऊ शकते. बुडी घेणाऱ्यांच्या सुरक्षिततेसाठी काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेची शिफारस अशी आहे की, एकच साधी बुडी घेतली असेल तर विमानापूर्वी किमान १२ तास जावेत. एकाहून अधिक बुड्या किंवा सलग काही दिवस बुड्या घेतल्या असतील तर किमान १८ तास. आणि वर येताना डीकॉम्प्रेशनसाठी, म्हणजे नायट्रोजन बाहेर पडू देण्यासाठी, थांबावे लागेल अशी बुडी असेल तर १८ तासांहूनही बराच अधिक वेळ. व्यवहारात बहुतेक जण सरळ २४ तास धरतात, आणि नातेवाइकांना समजावून सांगायलाही तेच सोपे पडते.

अनेकांचा असा समज असतो की प्रशिक्षकाचा हात धरून घेतलेली पर्यटकांची बुडी यात मोजली जात नाही. ती मोजली जाते, कारण श्वास टाकीतल्या हवेचाच घेतलेला असतो. नळी तोंडात धरून पृष्ठभागावर तरंगत केलेल्या स्नॉर्केलिंगला मात्र हे बंधन नाही. त्यामुळे शेवटच्या दिवशी ज्यांना पाण्यात उतरायचेच आहे, त्यांना तो मार्ग मोकळा असतो.

ढगांच्या_वर

पाणबुड्या, एक शंका आहे. आम्ही पुढच्या वर्षी हवाईतील माउई बेटावर दीर आणि जाऊबाईंकडे जाणार आहोत. परतीचे विमान दोन दिवसांनी असल्याने बुडी आणि विमान यांत पुरेसे अंतर आहे. बुडीच्या दुसऱ्या दिवशी पहाटे तेथील हालेआकाला या डोंगरावर सूर्योदय पाहायला जायचे आहे. तो मोटारीचा रस्ता आहे, विमान नाही. तेव्हा त्याला हरकत नसावी ना?

पाणबुड्या

हरकत आहे, आणि हा प्रश्न विचारलात हे फार चांगले झाले. शरीराला उंची मोटारीने गाठली की विमानाने, याने फरक पडत नाही. हालेआकालाचे शिखर ३,०५५ मीटर उंच आहे, म्हणजे विमानाच्या केबिनपेक्षाही तेथील दाब कमी असतो. समजा, सकाळच्या दोन बुड्या आटोपून तुम्ही अकरा वाजता होडीवर आलात, तर १८ तास दुसऱ्या दिवशी पहाटे पाचला पुरे होतात, आणि सूर्योदयाला जाणारा माणूस त्या सुमारास शिखराजवळ पोहोचलेला असतो. शिवाय १८ तासांची शिफारस केबिनच्या उंचीपर्यंतच्या दाबासाठी आहे, त्याहून वरच्या शिखरासाठी नव्हे. क्रम उलटा करा : आधी डोंगर, नंतर समुद्र. सूर्योदयासाठी पहाटे तीन ते सात या वेळेत मोटारीने उद्यानात शिरायला आगाऊ आरक्षण लागते, त्यामुळे तारीख आधी डोंगराची ठरवावी आणि बुडी तिच्यानंतर बसवावी.

आणखी एक. तेथे पहाटे तापमान शून्याच्या आसपास जाऊ शकते आणि हवा विरळ असते. हृदयाचा किंवा फुफ्फुसांचा त्रास असलेल्या ज्येष्ठांनी डॉक्टरांना विचारल्याखेरीज जाऊ नये. "सगळे जात आहेत, मग आम्ही एकटे मागे काय करू" एवढ्यासाठी तर नक्कीच जाऊ नये.

मुक्तछंद

मूळ मांडणीशी मी सहमत नाही. विमानतळाजवळचे मुख्य बेट बहुतेक वेळा गजबजलेले असते. सहलीचा सर्वांत सुंदर भाग सुरुवातीला उरकून शेवटी तेथे जाऊन बसायचे, यात सुरक्षितता असेल, पण आनंद उतरणीला लागतो. आम्ही मालदीवमध्ये सासरच्या मंडळींसह मुद्दाम उलटे केले. पहिले दिवस राजधानी माले आणि तिच्याजवळच्या हुलहुमालेमध्ये काढले, सगळ्यांची झोप आणि पोटे ताळ्यावर आली, आणि मग शेवटचे दिवस दूरच्या प्रवाळद्वीपावर घालवले. प्रवासाचा शीण उतरलेला असल्यामुळे त्या निवांतपणाचा खरा उपभोग घेता आला. सहलीची आखणी केवळ काय बिघडू शकेल या भीतीने करू नये, असे मला वाटते.

दर्यावेळा

मुक्तछंद, आक्षेप रास्त आहे, आणि प्रवासाचा शीण आधी उतरवण्याचा तुमचा मुद्दा मी विचारात घेतला नव्हता असे नाही. तरी मालदीवचेच उदाहरण माझ्या बाजूने अधिक बोलते. तेथील सीप्लेन वैमानिकाच्या दृष्टीच्या आधारे पाण्यावर उतरतात आणि म्हणून फक्त दिवसाउजेडी उडतात. परतीचे मोठे विमान भल्या पहाटेचे असेल, तर दूरच्या द्वीपावरचा शेवटचा दिवस तुम्ही पैसे भरूनही पूर्ण वापरू शकत नाही. आदल्या दिवशी दुपारीच निघावे लागते, आणि सीप्लेनची नेमकी वेळ पुष्कळदा अगदी अलीकडे कळते. विमान संध्याकाळचे असेल, तर तुमचा क्रम उत्तम चालतो. तेव्हा आपण दोघेही तिकिटावरच्या वेळेपासूनच सुरुवात करतो आहोत, एवढे मान्य व्हायला हरकत नसावी. पहाटेच्या विमानासाठी शेवटची रात्र हुलहुमालेमध्ये काढणे सोयीचे, कारण ते विमानतळाशी रस्त्याने जोडलेले आहे आणि रात्री होडीवर वृद्धांना चढवण्याउतरवण्याची वेळ येत नाही.

मुक्तछंद

विमान संध्याकाळचेच होते. तेवढ्यापुरते मान्य, गजबजाटाबद्दल मात्र नाही.

उधाण_भांग

भरती-ओहोटीचा उल्लेख अजून कोणी केला नाही याचे आश्चर्य वाटते, कारण शेवटच्या दिवशी "जाता जाता एकदा पोहून येऊ" या बेतावर नेमके तिच्यामुळेच पाणी पडते, किंवा खरे तर पाणीच उरत नाही. झांझिबारच्या पूर्व किनाऱ्यावर, पाजे आणि जांबियानीच्या बाजूला, लगून, म्हणजे प्रवाळखडकांच्या आडचे पाणी, इतके उथळ आहे की ओहोटीला समुद्र शेकडो मीटर मागे जातो. ज्यांनी आदल्या दिवशी दुपारी निळेशार पाणी पाहिलेले असते, ते निघण्याच्या सकाळी पोहण्याच्या तयारीने येतात आणि समोर वाळू, शेवाळ आणि उघडे पडलेले खडक दिसतात. उलट, कॅरिबियन बेटांवर भरती-ओहोटीतला फरक बहुतेक ठिकाणी अर्ध्या मीटरहूनही कमी असल्यामुळे तेथून आलेल्या माणसाला याची कल्पनाच नसते.

यावर उपाय अवघड नाही. भरतीची वेळ रोज सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते, त्यामुळे पोहोचल्याच्या दिवशी भरती केव्हा आली हे पाहिले की शेवटच्या दिवसाचा अंदाज तेव्हाच बांधता येतो. सुट्टी आठवड्याची असेल तर चित्र साधारण उलटते : पहिल्या दिवशी सकाळी भरपूर पाणी असेल, तर शेवटच्या दिवशी सकाळी ओहोटी असण्याचा संभव मोठा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात हा फरक सर्वाधिक जाणवतो आणि अष्टमीच्या सुमाराच्या भांगात तो कमी होतो. स्थानिक बंदराचे भरतीचे कोष्टक पाहून खात्री करावी हे अर्थातच आले. ओहोटीला रीफवर (प्रवाळखडकांवर) चालायला जाण्याचा मोह मुलांना होतो आणि त्यांच्यामागे आजोबाही निघतात. समुद्री साळींचे काटे आणि शेवाळलेला खडक यांमुळे होणारी इजा विमानात बसण्याच्या आदल्या दिवशी कोणालाच परवडत नाही. शिवाय जिवंत प्रवाळावर पाय देऊन आपण तेही मोडतो.

उजेडाचेही तसेच. विषुववृत्ताजवळ सूर्य जवळजवळ सरळ रेषेत खाली जातो, त्यामुळे मावळल्यावर जेमतेम वीस-पंचवीस मिनिटांत अंधार होतो. अंदमानात डिसेंबरमध्ये सूर्यास्त पाचच्या सुमारास होतो, कारण घड्याळ तेथील रेखांशाच्या मानाने मागे आहे. शेवटच्या संध्याकाळी सगळ्यांना घेऊन दूरच्या किनाऱ्यावर सूर्यास्त पाहायला जाणाऱ्यांनी परतीच्या वाटेसाठी बॅटरी सोबत ठेवावी.

थोरली_जाऊ

आतापर्यंतची चर्चा समुद्राची झाली. मला माणसांविषयी लिहायचे आहे, कारण शेवटच्या दिवसांत बिघडते ते पुष्कळदा माणसांमध्येच.

एकत्र राहण्याचा ताण पहिल्या दिवशी दिसत नाही. तो झोपेच्या वेळा, न्हाणीघरापुढची रांग, कोणाची मुले किती आरडाओरडा करतात, कोणाला दर वेळी थांबावे लागते, अशा बारीक गोष्टींतून साठत जातो आणि परतीची तारीख जवळ आली की एखाद्या क्षुल्लक निमित्ताने बाहेर पडतो. याला माझा उपाय असा की, शेवटून दुसरा दिवस जाहीरपणे वेगवेगळा काढावा. जाहीरपणे हा शब्द महत्त्वाचा आहे. "ज्यांना जिकडे जायचे तिकडे जा" असे मोघम ठेवले की थोरल्यांना आपण टाकले गेलो असे वाटते आणि धाकट्यांना निघताना अपराधी वाटते. त्याऐवजी दोन दिवस आधीच सांगावे की अमुक दिवशी सकाळपासून चार वाजेपर्यंत कोणी कोणाला बांधील नाही, चारनंतर सगळे एकत्र. असे ठरले की नणंदबाईही मोकळेपणाने पुस्तक घेऊन एकट्या बसतात आणि त्यांना बोलवायला कोणी जात नाही.

लहान मुले कोणी सांभाळायची हा प्रश्न अशा दिवशी हमखास आजी-आजोबांच्या गळ्यात पडतो. तो पडू देऊ नये. आई-वडिलांनी सकाळ आणि दुपार वाटून घ्यावी. आजी-आजोबा "आम्हाला आवडतेच" असे म्हणतील, आणि त्यांना आवडतेही, पण उष्ण आणि दमट हवेत दोन नातवंडांमागे दिवसभर फिरून दुसऱ्या दिवशी लांबचा विमानप्रवास करणे साठीपुढच्या शरीराला झेपत नाही.

मला वाटते, शेवटचा पूर्ण दिवस मोकळा ठेवण्याची दर्यावेळा यांची सूचना सर्वांत जास्त ज्येष्ठांसाठी उपयोगी आहे. त्यांना ठिकाणे पाहण्यापेक्षा सगळी माणसे एका जागी बसलेली पाहायची असतात, आणि सहलीच्या धावपळीत नेमके तेच घडत नाही.

हिशेबनीस

थोरली जाऊ यांच्या प्रतिसादात एक भर. सामायिक खर्चाचा हिशेब शेवटच्या रात्रीवर ठेवू नये, कारण त्या रात्री सगळे थकलेले असतात, सामान अर्धे बांधलेले असते आणि कोणी काय भरले हे आठवण्याची कोणाचीच मनःस्थिती नसते. दोन दिवस आधी, दुपारच्या वेळी, फक्त ज्यांनी पैसे खर्च केले आहेत त्यांनीच बसून तो मिटवावा. साडू-मेहुण्यांमध्ये "राहू दे, नंतर पाहू" हे वाक्य फार प्रेमाने उच्चारले जाते आणि फार काळ लक्षात राहते.

खारा_वारा

हवामानाविषयी थोडे. अटलांटिक आणि कॅरिबियन बाजूला चक्रीवादळांचा हंगाम १ जून ते ३० नोव्हेंबर असा धरला जातो, तर दक्षिण गोलार्धात, म्हणजे मॉरिशस, रीयुनियन, फिजी या बाजूला, तो साधारण नोव्हेंबर ते एप्रिल असतो. शाळांच्या सुट्ट्यांमुळे कुटुंबे नेमकी त्याच काळात जातात. मॉरिशसमध्ये वादळाच्या इशाऱ्याच्या चार श्रेणी आहेत, आणि इशारा वरच्या श्रेणीत गेला की वाहतूक थांबते, लोक घरातच राहतात आणि विमानतळही बंद होऊ शकतो. अशा वेळी परतीचा दिवस आपल्या हातात राहत नाही. म्हणून परतल्यानंतरचा पहिला दिवस कामावर हजर होण्याचा नसावा, आणि रोजच्या औषधांचा साठा परतीच्या तारखेपुढे आणखी काही दिवस पुरेल इतका असावा. ही औषधे हातातील पिशवीतच ठेवावीत.

बालीला जाणाऱ्यांनी न्येपीची तारीख आवर्जून पाहावी. बालीतील शक कालगणनेच्या नववर्षाचा हा मौनाचा दिवस बहुधा मार्चमध्ये येतो. त्या दिवशी पूर्ण २४ तास विमानतळ बंद असतो, रस्त्यावर कोणी जात नाही आणि पाहुण्यांनाही हॉटेलच्या आवाराबाहेर पडता येत नाही. परतीचा दिवस त्याच्या आगेमागे येत असेल, तर तिकीट काढण्यापूर्वीच विचार करावा. माझ्या मावशीने मात्र तो दिवस मुद्दाम साधला आणि संपूर्ण सहलीत तिला तोच सर्वांत अधिक आवडला. रात्री बेटावर दिवे नसल्याने आकाशात जे दिसते, ते एरवी तेथे दिसत नाही.

ढगांच्या_वर

मुलांनी गोळा केलेल्या शंख-शिंपल्यांचे तुम्ही सगळे काय करता? आमच्या पुतणीची पिशवी दर वेळी शेवटच्या दिवशी वादाचा विषय होते.

उधाण_भांग

शक्यतो ते किनाऱ्यावरच ठेवावेत. कठीण प्रवाळ, महाकाय शिंपले आणि कॅरिबियनमधील राणी शंख साइट्स या वन्य जीवांच्या व्यापारावरील आंतरराष्ट्रीय करारातील दुसऱ्या परिशिष्टात आहेत, म्हणजे ते देशाबाहेर नेण्यावर परवान्याचे नियंत्रण आहे, आणि समुद्री कासवाच्या पाठीपासून केलेल्या वस्तू पहिल्या, म्हणजे सर्वांत कडक, परिशिष्टात येतात. अनेक बेटांचे स्वतःचे नियम याहूनही कडक असतात. दुकानात उघडपणे विकायला ठेवले आहे म्हणजे ते नेता येते, असा अर्थ होत नाही. सेशेल्समधील कोको द मेर या जुळ्या नारळाचे उदाहरण याबाबत स्पष्ट आहे : वनस्पतिसृष्टीतील ते सर्वांत मोठे बी अधिकृत परवान्यासहच बाहेर नेता येते, आणि एकेक नग इतका जड असतो की विमानाच्या वजनमर्यादेचा मोठा भाग त्यातच संपतो. काकांना तो हौसेने घ्यायचा असेल, तर त्यांच्या बॅगेत कोणाचे कपडे जाणार नाहीत हे आधी ठरवून घ्यावे.

मुलांना रिकाम्या शंखांचे कारण सांगितले की ती ऐकतात. शंखवासी खेकड्यांना वाढीबरोबर मोठी घरे लागतात आणि ती त्यांना किनाऱ्यावरच शोधावी लागतात. शेवटच्या दिवशी सगळे शंख वाळूवर मांडून त्यांचे छायाचित्र घ्यायचे आणि पिशवी रिकामी करायची, हा कार्यक्रम आमच्याकडे चांगला तासभर चालतो. मांडण्यापूर्वी आत कोणी राहत नाही ना, हे पाहून घ्यावे.

पाणबुड्या

शेवटच्या दिवशी स्नॉर्केलिंग करणाऱ्यांसाठी एक राहिलेली सूचना. पाण्यावर पालथे तरंगताना पाठ, मान आणि पोटऱ्यांवर ऊन थेट पडते आणि पाण्याच्या गारव्यामुळे ते जाणवत नाही. भाजलेल्या कातडीची आग काही तासांनी सुरू होऊन साधारण १२ ते २४ तासांत सर्वाधिक होते, म्हणजे नेमकी विमानातील आसनाला पाठ टेकण्याच्या वेळी. पूर्ण बाह्यांचा पोहण्याचा सदरा घालावा. मलम लावायचेच असेल, तर हवाई आणि पलाऊ येथे प्रवाळाला अपायकारक मानल्या गेलेल्या ऑक्सिबेन्झोन आणि ऑक्टिनॉक्सेट असलेल्या मलमांवर निर्बंध आहेत, हे लक्षात घेऊन निवडावे.

कबिल्याचा_कारभारी

आमच्यापुढे वेगळीच अडचण आहे. नातेवाईक तीन वेगवेगळ्या शहरांतून येणार असल्याने सगळ्यांची परतीची विमाने एकाच दिवशी नाहीत. काही जण दोन दिवस आधी निघतील आणि आई-बाबा आमच्याबरोबर शेवटपर्यंत राहतील. अशा वेळी शेवटचा एकत्र दिवस कोणता मानावा?

दर्यावेळा

सर्वांत आधी निघणाऱ्यांच्या विमानाच्या आदल्या दिवसाचा आदला दिवस, असे मी म्हणेन, कारण निघण्याच्या आदल्या दिवशी त्यांचे लक्ष सामानात आणि तिकिटांतच असते. सगळ्यांचे एकत्र छायाचित्र, आजी-आजोबांबरोबरची संध्याकाळ, हिशेब, हे सर्व त्या दिवसापर्यंत आटोपावे. मुख्य बेटावर सगळ्यांनी एकत्रच यावे. आधी निघणाऱ्यांना लहान बेटावरून एकटे पाठवू नये, कारण होडी रद्द झाली तर उरलेल्यांचाही जीव टांगणीला लागतो.

त्यानंतर उरलेल्या दोन दिवसांत आई-बाबांना काहीही दाखवायला नेण्याची घाई करू नका. निम्मी मंडळी गेल्यावर खोल्या एकदम शांत होतात आणि ज्येष्ठांना ते पहिल्या दिवशी जड जाते. खोल्या बदलून सगळे एकाच मजल्यावर येता आले तर पाहा, आणि हे हॉटेलला आरक्षणाच्या वेळीच विचारून ठेवा, कारण ऐन वेळी शेजारच्या खोल्या रिकाम्या मिळतीलच असे नाही. तुमचे बेट आणि विमानांच्या वेळा कळवल्यास होडीचा दिवस कोणता धरावा याचा विचार येथे पुढे करता येईल.